पुढची थांबली, मागचीचे काय?

चढावर बैल गाडी ओढतात. उतारावर गाडी बैलांना ढकलते. ज्याने कधी भरलेली बैलगाडी घाटातून उतरताना पाहिली असेल, त्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. बैलांच्या मानेवरचे जू पुढे सरकते, बैल पाय रोवून भार थोपवू पाहतात आणि गाडीवानाचे सारे कसब गाडी पळू न देण्यात पणाला लागते. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या पाहून शहरी मोटारचालक अंतर राखून चालतो, त्यामागेही हीच भीती असते. ओढणारे वाहन थांबेल; पण त्याच्या पाठीवर येणारा भार थांबेल का?

अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात हा प्रश्न ट्रॅक्टरपुरता मर्यादित नाही. तेथे साधी प्रवासी मोटार किंवा पिकअप गाडी मागे दोन-अडीच टनांचा निवासी ट्रेलर जोडून महामार्गावर धावते. होड्या, घोडे, बागेची यंत्रे, घरसामान असे सारे काही ट्रेलरवरून जाते. या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही उन्हाळी सुटीत ट्रेलर भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्यानांकडे निघण्याची हौस वाटू लागली, तर त्यात नवल नाही. आपल्याकडे मोटारीमागे घर जोडून फिरण्याची प्रथा रुजलेली नसल्यामुळे त्यांच्यापाशी या बाबतीतला घरचा अनुभव नसतो. 'प्लग जोडा आणि निघा' एवढ्याच सूचनेवर प्रवास सुरू होतो आणि पहिल्याच मोठ्या उतारावर चालकाच्या लक्षात येते, की पायाखालचा ब्रेक नेहमीसारखा लागत नाही.

ज्या छोट्या उपकरणावर त्या क्षणी सारे अवलंबून असते, त्याचे नाव ट्रेलर ब्रेक कंट्रोलर. ते काय करते, कसे निवडावे आणि मुख्य म्हणजे कसे जुळवावे, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

आकडे काय सांगतात?

दोन हजार किलो वजनाची मोटार ताशी ९० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सव्वासहा लाख ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. थांबताना ही सगळी ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. याच मोटारीमागे अडीच हजार किलोंचा ट्रेलर जोडला, की हा आकडा १४ लाख ज्यूलच्या वर जातो. मोटारीचे ब्रेक मात्र तेवढेच राहतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील किंवा ते लागत नसतील, तर मोटारीच्या चार चाकांना दुपटीहून अधिक काम करावे लागते. साहजिकच थांबण्याचे अंतर वाढते आणि ब्रेक तापतात. अतिशय तापलेले ब्रेक तर नेमक्या गरजेच्या वेळी निकामी होऊ लागतात.

उतारावरचे गणित आणखी बोलके आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आय-७० हा महामार्ग सुमारे ११ हजार फूट उंचीवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. त्याच्या आसपासचा उतार सात टक्क्यांपर्यंत आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर रस्ता सात मीटर खाली येतो. अशा उतारावर अडीच हजार किलोंचा ट्रेलर पुढच्या गाडीला सतत सुमारे १७५ किलो वजनाइतक्या जोराने ढकलत असतो. रस्ता सरळ असेल तर हा रेटा केवळ जाणवतो. पण वळणावर चालकाने जोराने ब्रेक दाबला, तर हाच रेटा पुढच्या गाडीचा मागचा भाग बाजूला लोटू शकतो. मग दोन्ही वाहने जोडाच्या ठिकाणी चाकूच्या पात्यासारखी दुमडली जातात.

यासाठी ट्रेलरने आपला भार आपणच थांबवायला हवा. कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. अनेक राज्यांत ३ हजार पौंड, म्हणजे सुमारे १३६० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियात निवासी ट्रेलरसाठी ही मर्यादा १५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो एवढी खाली आहे. ऑस्ट्रेलियात ७५० किलोंच्या पुढे ब्रेक लागतात. दोन हजार किलोंच्या पुढे ते सर्व चाकांना हवेत, शिवाय ट्रेलर सुटलाच तर तो आपोआप थांबवणारी यंत्रणाही हवी. युरोपातही ७५० किलोंपुढील ट्रेलरला ब्रेक लागतात. परंतु तेथील पद्धत निराळी आहे. मोटार मंदावली की ट्रेलर पुढे सरकून जोडावर दाबला जातो आणि त्याच दाबाने त्याचे ब्रेक लागतात. त्याला विजेची वा कंट्रोलरची गरज नसते. अमेरिकेतील होड्यांच्या अनेक ट्रेलरमध्येही याच तत्त्वावर चालणारे, तेलाच्या दाबाचे ब्रेक असतात. कंट्रोलरचा विचार करण्यापूर्वी आपल्या ट्रेलरला कोणते ब्रेक आहेत हे पाहावे, ते याचसाठी.

चुंबकाचे काम

अमेरिका व ऑस्ट्रेलियातील बहुतेक निवासी ट्रेलरना विजेवर चालणारे ड्रम ब्रेक असतात. त्यांची रचना साधी आहे. चाकाच्या ड्रमच्या आत एका तरफेच्या टोकाला विद्युतचुंबक बसवलेला असतो. त्यात वीज सोडली की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटू पाहतो व त्याच्याबरोबर ओढला जातो. तरफ फिरते आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. वीज जितकी जास्त, तितकी चुंबकाची पकड घट्ट आणि तितका ब्रेक कडक. प्रत्येक चाकाचा चुंबक पूर्ण जोरात साधारण तीन ते साडेतीन अँपिअर वीज घेतो. म्हणजे दोन आस व चार चाकांच्या ट्रेलरला बारा ते चौदा अँपिअर लागतात.

ही वीज किती आणि केव्हा सोडायची, हे ठरवण्याचे काम कंट्रोलरचे. तो चालकाजवळ, सामान्यतः डॅशबोर्डच्या खाली असतो. चालकाने ब्रेकवर पाय ठेवला की कंट्रोलरला इशारा मिळतो आणि त्या हिशेबाने तो मागे वीज पाठवतो. शिवाय त्यावर हाताने सरकवण्याची एक पट्टी किंवा दाबण्याचे बटण असते. त्याचा वापर केला की मोटारीचे ब्रेक न लागता केवळ ट्रेलरचे ब्रेक लागतात. या पट्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईलच.

निवड कशी करावी?

बाजारात मिळणाऱ्या कंट्रोलरचे मुख्यतः दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग वेळेवर चालणाऱ्यांचा. ब्रेकचा दिवा लागला, की हा कंट्रोलर आधी ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत क्रमाक्रमाने वीज वाढवत नेतो. चालकाने ब्रेक हळू दाबला की करकचून, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्यामुळे सिग्नलजवळ हलकेच थांबताना ट्रेलर गरजेपेक्षा जास्त अडतो, तर समोर अचानक कुणी आडवे आले असता तो उशिरा साथ देतो. किंमत कमी आणि बसवायला सोपा, हे त्याचे गुण. हलका ट्रेलर क्वचित, सपाट रस्त्यावर नेणाऱ्यासाठी तो चालून जातो.

दुसरा वर्ग प्रमाणशीर कंट्रोलरचा. याच्या आत मोटारीचा वेग किती झपाट्याने कमी होत आहे हे मोजणारा संवेदक असतो. मोटार जितक्या जोराने मंदावेल, त्या प्रमाणात तो ट्रेलरला ब्रेक लावतो. हलके थांबा, तर ट्रेलरही हलके थांबतो. करकचून थांबा, तर तोही तसाच थांबतो. घाटरस्ते, जड ट्रेलर आणि वारंवार प्रवास यांपैकी एक गोष्ट जरी असली, तरी याच वर्गातला कंट्रोलर घ्यावा. जास्तीचे पैसे येथे वाया जात नाहीत. मात्र संवेदकाला दिशा कळावी लागते. त्यामुळे असे काही कंट्रोलर मोटारीच्या चालण्याच्या दिशेशी समांतर आणि ठरावीक कोनातच बसवावे लागतात. किती अंशांपर्यंत कल चालतो, हे सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते.

तिसरा पर्याय मोटारीतच कारखान्यातून बसवून आलेल्या कंट्रोलरचा. फोर्ड कंपनीने आपल्या सुपर ड्युटी पिकअपच्या २००५ च्या मॉडेलपासून ही सोय दिली आणि नंतर इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. असा कंट्रोलर मोटारीच्या मूळ ब्रेक यंत्रणेशी थेट जोडलेला असल्यामुळे चालकाने पायाने किती दाब दिला हे त्याला अधिक नेमके कळते. नवी पिकअप घेताना हा पर्याय मिळत असेल, तर तोच घेणे श्रेयस्कर.

अलीकडे बिनतारी कंट्रोलरही आले आहेत. काही ट्रेलरवरच बसतात, तर काही मोटार व ट्रेलरच्या प्लगांमध्ये जोडून मोबाइल फोनवरून जुळवता येतात. एकच ट्रेलर वेगवेगळ्या मोटारींनी ओढायचा असेल किंवा डॅशबोर्डला हात लावायचा नसेल, तर ते सोयीचे ठरतात. मात्र संकटाच्या वेळी फोनच्या पडद्यावर बोट ठेवावे लागणे आणि हाताशी पट्टी असणे यात फरक आहे, हे विसरू नये.

खरेदीपूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. एक, कंट्रोलर किती आसांच्या ट्रेलरसाठी आहे. दोन, ट्रेलरला निव्वळ विजेचे ब्रेक आहेत, की विजेने चालणारा पंप व त्यापुढे तेलाचे ब्रेक आहेत. दुसऱ्या प्रकाराला सर्वच कंट्रोलर चालत नाहीत. तीन, मोटारीत डॅशबोर्डखाली कंट्रोलरसाठी तयार जोड आहे का. तो असेल, तर त्या मॉडेलसाठी मिळणारी जोडवायर घेतली की वायरी कापाव्या लागत नाहीत. चार, मोटारीच्या मागे सात टोकांचा प्लग आहे का. चार टोकांच्या चपट्या प्लगमधून केवळ दिव्यांची वीज जाते, ब्रेकची वायर त्यात नसतेच.

जोडणीतील खाचाखोचा

तयार जोड नसेल, तर चार वायरी जोडाव्या लागतात. कंट्रोलरच्या बाजूने पाहता बहुतेक उत्पादनांत काळी वायर बॅटरीच्या धन टोकाकडे, पांढरी ऋण टोकाकडे, लाल वायर ब्रेकच्या दिव्याच्या स्विचकडे आणि निळी मागे ट्रेलरच्या ब्रेककडे जाते. काळ्या वायरीत बॅटरीजवळ सर्किट ब्रेकर हवाच. एक-दोन आसांसाठी २० अँपिअरचा आणि तीन-चार आसांसाठी ३० अँपिअरचा, असे सामान्य प्रमाण आहे. पांढरी वायर जवळच्या एखाद्या पत्र्याला जोडून काम भागवू नये. ती थेट बॅटरीपर्यंत न्यावी. मोटारीच्या मूळ वायरींचे रंग मात्र कंपनीगणिक बदलतात. तेथे रंगावर विसंबण्याऐवजी टेस्टर लावून खात्री करावी.

कंट्रोलर चालकाचा हात सहज पोहोचेल, पण अपघातात गुडघा आपटणार नाही अशा जागी असावा. ज्या मोटारींत गुडघ्यापाशी एअरबॅग असते, तेथे तिच्यासमोर तो कदापि बसवू नये. विजेच्या कामाची सवय नसेल, तर जाणकार मेकॅनिककडे जाणेच इष्ट.

ट्रेलरवरची एक छोटी वायर मात्र प्रत्येक चालकाला ठाऊक असली पाहिजे. ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी एक स्विच, त्याला एक बारीक तार आणि जवळच एक लहान बॅटरी असते. ट्रेलर निसटला की ती तार ताणली जाऊन स्विचमधील खिळा निघतो व बॅटरीच्या विजेने ट्रेलरचे सर्व ब्रेक आपोआप लागतात. ही तार मोटारीच्या भक्कम भागाला स्वतंत्रपणे अडकवायची असते. ती जोडाच्या गोळ्याला किंवा सुरक्षा साखळीला अडकवली, तर जोड तुटल्यावर तिचा उपयोग उरत नाही. त्या बॅटरीत वीज आहे की नाही, हे निघण्यापूर्वी तपासावे. त्यासाठी मोटारीचा प्लग काढून ठेवावा, खिळा ओढावा आणि ट्रेलर किंचित ओढून चाके अडतात का ते पाहावे. खिळा लगेच परत बसवावा, अन्यथा बॅटरी उतरते.

खरी परीक्षा जुळवणीची

उत्तम कंट्रोलर घेतला, नीट बसवला, तरी तो आपल्या ट्रेलरसाठी जुळवला नाही तर सारे व्यर्थ. कंट्रोलरला ट्रेलरचे वजन ठाऊक नसते. ते त्याला 'गेन' या आकड्यातून सांगावे लागते. ब्रेकच्या वेळी जास्तीत जास्त किती वीज मागे जाऊ द्यायची, याची ती मर्यादा होय.

जुळवणीसाठी रिकामा, कोरडा, सपाट रस्ता किंवा मोठे मैदान निवडावे. ट्रेलरमध्ये प्रवासात असेल तेवढेच सामान भरलेले असावे. टायरमधली हवा बरोबर असावी. आधी काही वेळा हळूहळू ब्रेक लावून ते किंचित तापू द्यावेत. थंड ब्रेकवर केलेली जुळवणी पुढे चुकते. मग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे २५ मैलांच्या वेगाने जाताना मोटारीच्या ब्रेकवर पाय न ठेवता फक्त हाताची पट्टी पूर्ण सरकवावी. ट्रेलरने मोटारीला मागून ओढून धरल्यासारखे वाटले पाहिजे. काहीच जाणवले नाही, तर गेन वाढवावा. चाके अडून टायर घसटले, तर तो कमी करावा. चाके अडण्याच्या अगदी अलीकडचा आकडा हा आपला आकडा.

चाके पूर्ण अडू देण्यात शहाणपण का नाही? फिरणे थांबलेले चाक रस्त्यावर नुसते घसरते. त्याची बाजूची पकडही जाते आणि ट्रेलरचे शेपूट वाटेल तिकडे भरकटू शकते. ब्रेक अधिक कडक म्हणजे अधिक सुरक्षित, हा समज येथे घातक ठरतो.

यानंतर पायाने नेहमीसारखा ब्रेक लावून पाहावा. मागून ढकलल्यासारखे वाटले तर गेन थोडा वाढवावा. मागून हिसका बसला तर कमी करावा. दोन्ही वाहने एकच वाहन असल्याप्रमाणे थांबली, की जुळवणी साधली. अनेक प्रमाणशीर कंट्रोलरमध्ये 'बूस्ट' नावाची आणखी एक सोय असते. ब्रेक दाबताच सुरुवातीला किती जोर द्यायचा, हे ती ठरवते. ट्रेलर मोटारीपेक्षा जड असेल, तर ती वाढवण्याचा उपयोग होतो. हलक्या ट्रेलरला ती बंद ठेवलेली बरी.

हा आकडा एकदा ठरला म्हणजे कायमचा ठरला, असे नाही. रिकाम्या ट्रेलरला भरलेल्या ट्रेलरचा गेन दिला, तर चाके अडतात. पाऊस, बर्फ वा खडीच्या रस्त्यावर तो कमी करावा लागतो. मोटार बदलली, ट्रेलर बदलला वा सामान बदलले, की चाचणी पुन्हा घ्यावी. नवे ब्रेक शू बसवले असतील, तर ते घासून बसेपर्यंत ब्रेक कमी लागतात. काही दिवसांनी जुळवणी पुन्हा करावी. भाड्याच्या ट्रेलरच्या बाबतीत तर आधीच्या ग्राहकाने ठेवलेला आकडा आपल्यासाठी निरर्थक असतो. ट्रेलर ताब्यात घेतल्यावर महामार्गाला लागण्यापूर्वी अर्धा तास या कामासाठी राखून ठेवावा. मोटारही भाड्याची असेल, तर तिच्यामागे ट्रेलर जोडण्याची मुभा करारात आहे का, हे आधी वाचावे. बहुतेक ठिकाणी ती नसते.

गेन शेवटच्या टोकापर्यंत वाढवूनही ट्रेलर अडत नसेल, तर दोष कंट्रोलरचा नसून अन्यत्र असण्याचा संभव अधिक. शू आणि ड्रममधले अंतर वाढलेले असते, चुंबक झिजलेला असतो, जोडांवर गंज चढलेला असतो किंवा वायर गरजेपेक्षा बारीक असते. अशा वेळी तसेच पुढे न जाता ट्रेलर दुरुस्तीला न्यावा.

रस्त्यावर असताना

महामार्गावर जोराचा वारा किंवा शेजारून जाणारा मोठा ट्रक यांमुळे ट्रेलर कधी कधी डावीकडे-उजवीकडे डुलू लागतो. अशा वेळी घाबरून मोटारीचा ब्रेक दाबणे ही सहज प्रतिक्रिया असते, आणि तीच महागात पडते. पुढची गाडी अडते, मागची ढकलते आणि डुलणे वाढते. या वेळी स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू काढावा आणि कंट्रोलरची हाताची पट्टी सरकवावी. केवळ ट्रेलरचे ब्रेक लागल्यामुळे तो मागे ओढला जाऊन पुन्हा सरळ रेषेत येतो. म्हणूनच ती पट्टी न पाहता हाताला सापडली पाहिजे, आणि गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला ती माहीत असली पाहिजे.

अर्थात चुकीच्या पद्धतीने भरलेल्या ट्रेलरवर हा इलाज नव्हे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार जोडावर यावा, असा अमेरिकेतील संकेत आहे. सारे जड सामान मागे ठेवले, की ट्रेलर डुलणारच.

लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. खंडाळा घाटाने आपल्या चालकांना शिकवलेला धडा तेथेही लागू पडतो. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, वेग इंजिनाने आवरावा आणि अधूनमधून ब्रेक लावून तो घटवावा. खाली पोहोचल्यावर थांबून ट्रेलरच्या चाकांपाशी हात न्यावा, पण लावू नये. एखादेच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल, तर त्याचा ब्रेक अडकला आहे. एखादेच थंड असेल, तर त्याचा ब्रेक लागतच नाही.

गाडीवान घाट उतरण्यापूर्वी गाडी थांबवून जू, दोर आणि चाके एकदा निरखून पाहत असे. बैलांच्या जागी इंजिन आले आणि दोरांच्या जागी वायरी आल्या, तरी उताराचा स्वभाव बदललेला नाही. निघण्यापूर्वी रिकाम्या मैदानात घालवलेला अर्धा तास हा प्रवासातला वाया गेलेला वेळ नव्हे. प्रवासाची सुरुवात तिथूनच करावी.